लाइट थीममध्ये ब्रॅकेटच्या जोड्यांचे रंग ओळखूच येत नाहीत, काय करू?

चाटीगल्ली_डेव्ह
एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑर्डर-डिस्पॅचचं सॉफ्टवेअर आता माझ्याकडे आलंय, रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टची स्क्रीन बनवायची लायब्ररी) आहे आणि आधीच्या माणसाने सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलंय. मॅपच्या (यादीवर फिरणारा कोड) आत टर्नरी (एका ओळीतलं इफ-एल्स), त्याच्या आत परत मॅप, आणि शेवटी `))})}` असलं काहीतरी, मग कुठला कंस कुणाचा हे स्क्रीनवर बोट ठेवून मोजत बसायचं. व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायचा एडिटर) कंसांच्या जोड्यांना रंग येतात, चालूच आहेत, पण आमच्या ऑफिसची खिडकी पश्चिमेला, सोलापूरचं ऊन तर माहितीये तुम्हाला, दुपारनंतर डार्क थीमवर काही म्हणजे काही दिसत नाही म्हणून लाइट थीम ठेवलीये. त्यात निळा, हिरवा, चॉकलेटी येतात ते बारीक फाँटला सगळे सारखेच काळपट वाटतात. ते जुनं ब्रॅकेट पेअर कलरायझर एक्स्टेन्शन टाकू का?

होटगी_रोड
नका टाकू ओ, ते बंद झालंय. 2021 च्या ऑगस्टमधल्या 1.60 व्हर्जनपासून ही सोय एडिटरमध्येच आली आणि 1.67 पासून आपोआप चालू असते. एक्स्टेन्शनची अडचण अशी होती की एडिटरने केलेलं टोकनायझेशन (कोडचे शब्द, कंस, कॉमेंट असे तुकडे पाडणं) त्याला मिळायचंच नाही, सगळं स्वतःच परत करावं लागायचं, मोठ्या फाइलमध्ये वर एक कंस टाइप केला की खालचे रंग बदलायला वेळ लागायचा. आता एडिटर सगळे कंस एका बॅलन्स्ड ट्रीमध्ये (फांद्यांसारखी समतोल रचना) ठेवतो, बदललं तेवढंच परत मोजतो. स्ट्रिंग आणि कॉमेंटमधले कंस धरत नाही हे पण बरंय.

रंग बदलायला सेटिंग्जच्या जेसन फाइलमध्ये वर्कबेंच कलर कस्टमायझेशन्स उघडा, तिथे एडिटर ब्रॅकेट हायलाइटचे फोरग्राउंड 1 ते 6 असे सहा रंग देता येतात. डिफॉल्टमध्ये तीनच भरलेले असतात, म्हणून चौथ्या लेव्हलला पहिला रंग परत येतो आणि तुमच्यासारख्या खोल कोडमध्ये तिथेच घोळ होतो. चौकटी कंसात थीमचं नाव घालून त्याच्या आत लिहा म्हणजे डार्क थीमला धक्का लागणार नाही. लाल मात्र वापरू नका, जोडीदार नसलेला कंस लाल दिसतो, तो लगेच डोळ्यात भरला पाहिजे.

विजापूर_वेस
मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे हिरवा आणि चॉकलेटी माझ्यासाठी एकच. मी निळा आणि गडद नारिंगी एवढे दोनच आलटून पालटून ठेवलेत आणि खरा भरवसा रेघांवर. सेटिंगमध्ये ब्रॅकेट पेअर गाइड्स शोधा आणि ॲक्टिव्ह निवडा, कर्सर ज्या जोडीत आहे तेवढीच उभी रेघ दिसते, बाकी स्क्रीन मोकळी राहते. आणि कंट्रोल शिफ्ट बॅकस्लॅश दाबलं की कर्सर थेट जोडीदारावर जातो, बोटाने मोजायची गरजच नाही.

जुळे_सोलापूर
वरच्या दोघांचं बरोबर आहे पण एक सांगतो, लाल रंग फक्त जोडी मोडली तरच येतो. कंस चुकीच्या ओळीवर बंद झालाय पण मोजणी जुळतेय, तर एडिटर काही बोलणार नाही, कोड पण चालेल आणि उत्तर मात्र चुकीचं येईल. त्यासाठी आधी शिफ्ट आल्ट एफ दाबून फाइल फॉरमॅट करा, कुठली ओळ आत सरकली आणि कुठली बाहेर पडली ते बघा. शिवाय डिव्ह (पानावरच्या चौकटीचा टॅग) उघडला तो नेमका कुठे बंद झाला हे या रंगांवरून कळत नाही. आतला मॅप उचलून वेगळा कंपोनंट (स्क्रीनचा स्वतंत्र तुकडा) करा भावा, सहा रंग लागतात म्हणजे ती फाइल तोडायलाच झालीये.

चाटीगल्ली_डेव्ह
तोडणार आहे, पण महिनाअखेरचं डिस्पॅच निघेपर्यंत मालक हात लावू देत नाहीत. तोवर निळा, गडद नारिंगी, जांभळा आणि मोरपंखी असे चार लावले, रेघ ॲक्टिव्ह केली आणि फाइल फॉरमॅट केली. लै फरक पडला! पेंडिंग ऑर्डर तपासायच्या इफचा कंस एक ओळ आधीच बंद होत होता, त्यामुळे खालचा एल्स भलत्याच इफला चिकटलेला, आणि कारखान्यातून टॉवेलच्या गाठी कमी दिसतात अशी तक्रार येत होती ती याच्यामुळेच. लाल कुठेच नव्हतं, जुळे सोलापूरवाले म्हणाले तसंच. दुरुस्त करून आजची यादी परत काढली, गोडाऊनच्या वहीशी जुळली.