दुंब्याचं शेपूट पाडलं की वाढ दुप्पट? जरा थांबा

महूवाला: दुंबा म्हणजे जाड, चरबीच्या शेपटाची मेंढी. त्यावरची कालची देवासकडची पोस्ट सगळ्यांनी वाचली असेलच: "दुंब्याच्या कोकराचं शेपूट दुसऱ्याच दिवशी घट्ट रबरी रिंग लावून पाडा, तिसऱ्या महिन्यात लोकर कातरा, वाढ दुप्पट. शेपटाला जाणारा खुराक अंगाला लागतो." असं कुठे असतं का? चरबी साठवणं या जनावराच्या रक्तातच आहे. शेपूट नसेल तर ती कातडीखाली आणि मूत्रपिंडाभोवती बसते. जागा बदलते, रोजच्या वाढीत फार फरक पडत नाही. अवासी या जाड शेपटाच्या जातीच्या मेंढ्यांवरच्या प्रयोगांत कुठे फरक दिसला, कुठे नाही. दुप्पट कुठेच नाही.

रिंग लावायचीच तर कोकरू चीक पोटभर प्यायल्यावर, पहिल्या 3 दिवसांत. मणक्यांच्या सांध्यावर, हाडावर नव्हे. अगदी मुळाशी लावली तर पुढे मलाशय बाहेर येण्याचा धोका. शेपूट 2 ते 4 आठवड्यांत गळतं. तोवर माशी बसली की अळ्या पडल्याच, म्हणून पावसाळ्यात नकोच. गाभण मेंढीला विण्याआधी 4 ते 6 आठवडे धनुर्वाताची लस दिली नसेल तर हे सोडून द्या.

मालवी_मेंढका: वाढीचं ठीक. पण फळण्याचं काय? जाड शेपटाच्या मेंढीवर मालपुरा किंवा मारवाडी असा बारीक शेपटाच्या जातीचा नर सोडला की माणसाने शेपूट बाजूला धरून उभं राहायचं. कापलेल्या मेंढीला ही कटकट नाही. हे सोयीस्करपणे गाळलंत.

मल्हारगंज: मेंढीपुरतं चालेल, नराचं कापून विकाल कुठे? बकरी ईदला गिऱ्हाईक शेपूट बघूनच भाव बोलतं. कापलेलं म्हणजे ऐब (खोट), कुर्बानीला नको म्हणतात. शिवाय 1960 चा क्रूरता प्रतिबंधक कायदा उघडून पाहा. खच्चीकरण, डाग देणं, वेसण, गुरांची शिंगं काढणं यांना ठरावीक पद्धतीने सूट आहे. त्या यादीत शेपूट नाही.

कातरणीवाला: शेपटावरून भांडा हवं तितकं, पण आधी वजन नीट करा! सकाळी उपाशी, दुपारी चारा खाऊन, कधी टांगता काटा, कधी जमिनीवरचा. भरल्या पोटातला चारापाणीच वजनाच्या 10-15 टक्के असतो. पंधरवड्यातून एकदा, रात्रभर उपाशी, सकाळी 7 वाजता, त्याच काट्यावर. आणि कातरल्यावर उतरलेली लोकर वेगळी तोलून हिशेबात धरा. नाहीतर कातरल्याने जनावर खंगलं, अशी बोंब मारायला मोकळे.

देवासकर: मूळ पोस्ट माझी. काटा नसेल तर काय जनावर पाळायचंच नाही? कातरल्यावर खाणं वाढतं, हे तरी खोटं का?

कातरणीवाला: खाणं वाढतं, वाढ नाही! पौषात कातरलंत तर ते खाणं अंग ऊबदार ठेवण्यातच जातं. वरून पाऊस-वारा आला तर जनावर गारठून मरेल. उलट मे महिन्यात चामडीपर्यंत कातरून उन्हात सोडलंत तर चामडी भाजते. बोटभर लोकर ऊन अडवते, ती राहू द्या. माळव्यात होळीच्या सुमारास एक कातरणी, पाऊस सरल्यावर दुसरी. लोकर कोरडी, जनावर 12 तास उपाशी. कात्रीच्या जखमा भरेपर्यंत औषधी पाण्यात बुडवू नका. तिसऱ्या महिन्याच्या कोकराच्या लोकरीचं तर करायचं काय, मफलर?

मालवी_मेंढका: मफलर! अहो, मोठ्यांच्या जाडीभरड्या लोकरीतून कातरणाऱ्याची मजुरी तरी निघते का, ते सांगा.

महूवाला: धागा शेपटाचा होता, लोकांनो.

देवासकर: बरं, "दुप्पट" शब्द मागे घेतो, तेवढ्याने समाधान होत असेल तर. कातरणी होळीनंतर. मेंढ्यांना रिंग मात्र लावणार.

मल्हारगंज: लावा. नराला लावू नका म्हणजे झालं, आणि लशीची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.