मदत हवी आहे: गेंटिंगला एक रात्र राहावं का केएलहून जाऊन यावं? (अर्जंट)

वैतागलेला_वारजेकर
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो कारण वेळ नाहीये. मलेशियाचं सगळं ठरलंय फक्त गेंटिंग (ते डोंगरावरचं रिसॉर्ट) अडकलंय. एजंट म्हणतो आज रात्री ९ पर्यंत सांगा, तिथे एक रात्र टाकायची का क्वालालंपूरहून (केएल) सकाळी निघून संध्याकाळी परत, रात्र टाकली तर माणशी साडेतीन हजार जास्त. हॉटेल फर्स्ट वर्ल्ड, ते रंगीत पट्ट्यांच्या बिल्डिंगवालं. खाली मॉल, थीम पार्क, कसिनो सगळं एकाच छपराखाली आहे म्हणे. मला एवढंच सांगा की रात्री तिथे करायला काही असतं का सगळं सहालाच झोपतं, पूल आहे का, आणि कसिनोत कोणाकोणाला सोडतात. यूट्यूबवर बघा असं प्लीज सांगू नका. चार व्हिडिओ बघितले, चौघंही केबल कारमध्ये नुसते किंचाळतायत.

रश्मी_औंध
कोण कोण जाताय? कधी? लहान मुलं आहेत का, ज्येष्ठ नागरिक? पत्रिका बघायला पण जन्मवेळ लागते हो.

वैतागलेला_वारजेकर
फॅमिली. नोव्हेंबर.

रश्मी_औंध
"फॅमिली" 🙏

निवांत_पेठकर
एक दिवस भरपूर झाला. आम्ही सकाळी ८ ला केएल सोडलं, वाटेत बाटू केव्हज (गुहेतलं मुरुगनचं देऊळ) केलं, २७२ पायऱ्या चढून उतरून फोटो काढून, मग केबल कारने वर, जेवण, मॉलमधे एक चक्कर, सहाला खाली. रात्रभर वर राहून काय करणार, ढग मोजणार? साडेतीन हजार गुणिले माणसं करा आणि त्यात केएलला तीनदा मस्त जेवा.

सह्याद्री_एक्स्प्रेस
कसिनोसाठी एवढ्या लांब कशाला जायचं? पुण्याहून रात्री गाडीत बसा सकाळी पणजी. मांडवीत बोटी उभ्याच आहेत, तिकिटात जेवण पिणं सगळं येतं.

वैतागलेला_वारजेकर
मी कसिनोसाठी जातोय असं कुठे म्हटलं? विमानाची तिकिटं काढून झालीत.

कायद्याचं_बोला
सह्याद्री, अर्धवट माहिती नको. गोव्यात पत्त्यांची आणि रूलेची टेबलं फक्त पाण्यावरच्या बोटींत, जमिनीवर पंचतारांकित हॉटेलांत कायद्याने फक्त मशीनं. जाता जाता, किती जणांना माहितीये की आपल्या महाराष्ट्रातसुद्धा कसिनोचा कायदा होता? १९७६ सालचा. विधिमंडळात पास झाला पण अमलात कधी आलाच नाही, ४७ वर्षं तसाच पडून होता आणि २०२३ मधे रद्द केला. म्हणजे लग्न ठरलं, पत्रिका छापल्या आणि वाटल्याच नाहीत.

रश्मी_औंध
धागा भरकटवून त्याचं काश्मीर करू नका रे, त्याला ९ वाजायच्या आत उत्तर हवंय.

मंजू_सहकारनगर
आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन एक रात्र राहिलो होतो, मला विचाराल तर राहाच. एक तर ते ठिकाण साधारण १८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही चारशे मीटर वर. केएलला घामाने चिंब झालेली माणसं तासाभरात स्वेटर शोधायला लागतात. फर्स्ट वर्ल्डच्या साध्या खोल्यांना एसी नाही हे आधीच घरी सांगून ठेवा, नाहीतर वडीलधारी मंडळी "एजंटने फसवलं" म्हणून सुरू करतात. गरज नसते हो, पंखासुद्धा नकोसा होतो. पूलच्या भरवशावर मात्र ते हॉटेल घेऊ नका, आणि ढगात पोहायचंय कोणाला!
रात्रीचं म्हणाल तर खरी मजा तेव्हाच. दिवसाच्या सहली खाली उतरल्या की गर्दी ओसरते. स्कायअ‍ॅव्हेन्यू मॉलच्या मधल्या चौकात छतापासून दिव्यांचे गोळे खाली वर नाचतात, गाण्याच्या तालावर, फुकट. आमच्या साऱ्या मंडळींनी ते दोनदा बघितलं. इनडोअर थीम पार्क स्कायट्रॉपोलिस तिथेच खाली आहे, बाहेर पाऊस असो का धुकं, आतले पाळणे चालू. आणि सकाळी पडदा सरकवला तर खिडकीत नुसतं पांढरं, पाच मिनिटांनी अचानक ढग फाटून खाली अख्खं जंगल. सासरे अर्धा तास तिथून हलले नाहीत, चहा गार झाला तरी.

निवांत_पेठकर
ढग बघायला महाबळेश्वरला जा की, स्वारगेटहून एसटी आहे.

मंजू_सहकारनगर
तुम्ही जा. आणि परत येताना वाईला उतरून ढोल्या गणपतीला सांगा की गेंटिंग बघून आलो, सहा वाजेपर्यंत.

घड्याळजी
नोव्हेंबर म्हणाला म्हणून सांगतो. त्या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबर जास्त पावसाचे महिने, आणि पाऊस शक्यतो दुपारनंतर. बाहेरचं मोठं पार्क आहे ना, गेंटिंग स्कायवर्ल्ड्स, २०२२ ला उघडलेलं, तिथले राइड्स विजा कडाडल्या की थांबवतात. एक दिवसात जाऊन येणार असाल आणि नेमकं तेव्हाच कोसळलं तर मॉल बघून परत. रात्र असली तर दुसरी सकाळ हातात असते. माझं मत रात्रीला.

फिल्मी_फणस
ते पार्क आधी हॉलिवूडच्या फॉक्स कंपनीच्या नावाने उघडणार होतं, मधेच दोघांचं फाटलं, कोर्टबाजी झाली, २०१९ ला मिटलं आणि शेवटी नाव बदलून उघडलं. कोणी विचारलं नाही पण सांगितलं.

वैतागलेला_वारजेकर
धन्यवाद मंजूताई. पण आईला उंचीची भीती आहे, सिंहगडावर पण जीपमधे डोळे मिटून बसते. केबल कारशिवाय जाता येतं का? आणि बाबांना एकदा कसिनोतलं ते मशीन खेळून बघायचंय, हा विषय घरी काढलेला नाही. भाचा पण मागे लागलाय की मामा मी येणार कसिनोत.

रश्मी_औंध
बघा, आई बाबा आणि भाचा. एक तास लागला. भाचा केवढा?

वैतागलेला_वारजेकर
एकोणीस. घोडा झालाय.

रश्मी_औंध
घोडा असला तरी २१ च्या आत प्रवेश नाही. दाराशी पासपोर्ट बघतात, मूळ पासपोर्ट न्या, मोबाईलमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका. बाबांना चप्पल आणि बर्म्युडावर सोडू नका, पूर्ण पँट आणि बूट. आत फोटो काढत बसायचं नाही.

सह्याद्री_एक्स्प्रेस
आत जायचं तिकीटच दहा हजाराचं आहे ना? मित्र म्हणत होता.

कायद्याचं_बोला
ते सिंगापूर. तिथे स्थानिक नागरिकांना दिवसाला १५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात, परदेशी पाहुण्यांना तिथेही नाही. गेंटिंगला पासपोर्ट दाखवा आणि आत. मलेशियातल्या मुस्लिमांना मात्र मनाई आहे. अख्ख्या देशात कायदेशीर कसिनो हा एवढाच.

आजोबा_प्रभातरोड
या निमित्ताने थोडा इतिहास. लिम गो टोंग नावाचे कंत्राटदार कॅमेरॉन हायलंड्सच्या वीज प्रकल्पावर काम करत होते, तिथली थंड हवा अनुभवून त्यांना वाटलं की राजधानीजवळ असं ठिकाण हवं. १९६५ मधे कंपनी काढली, जंगलातून डोंगरावर रस्ता काढण्यात वर्षं गेली. १९६९ ला पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान पायाभरणीला आले, काम बघून खूश झाले आणि कसिनोचा परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. १९७१ ला पहिलं हॉटेल. आज फर्स्ट वर्ल्डमधे ७,३५१ खोल्या आहेत, खोल्यांच्या हिशोबाने जगातलं सर्वात मोठं हॉटेल. वाटेतलं चिन स्वी देऊळही लिम यांनीच बांधवलं, त्याला १८ वर्षं लागली. आमच्या वेळी रेसकोर्सवर...

निवांत_पेठकर
आजोबा, सर्वात मोठं हॉटेल लास व्हेगासला आहे. एमजीएम.

आजोबा_प्रभातरोड
ते ५ हजारांच्या आसपास खोल्यांचं. वजाबाकी आपण करावी.

घड्याळजी
आईंचं राहिलंच. बस किंवा टॅक्सी थेट वर हॉटेलपर्यंत जाते, केबल कारची सक्ती नाही. घाट आहे पण रस्ता उत्तम. केबल कारचं नाव अवाना स्कायवे, २.८ किलोमीटर, दहा मिनिटांचा प्रवास. दोन प्रकारचे डबे असतात, साधे आणि काचेच्या तळाचे. एजंट "खास" म्हणून काचेचा गळ्यात मारेल, आई असतील तर अजिबात नको. तुम्ही केबलने या, बाबा आईंना घेऊन गाडीने येतील.

मंजू_सहकारनगर
एकटे बाबा नि आई गाडीने आणि ही मंडळी केबलने? आई विसरतील का हे आयुष्यात? सगळ्यांनीच एकत्र गाडीने वर जा. ज्यांना हौस आहे त्यांनी नंतर वरून खाली चिन स्वीपर्यंत केबलने जाऊन यावं, नऊ मजली पॅगोडा आणि मोठा बुद्ध आहे, डब्यातून उतरता येतं. गुडघे दुखत असतील तर देवळात चढउतार आहे हे लक्षात घ्या. आणि बाटू केव्हजच्या २७२ पायऱ्या ज्यांनी वर लिहिल्यात त्यांनी आईंचं वय विचारलं का?

निवांत_पेठकर
पायऱ्या सक्तीच्या नाहीत, खालून मुरुगनची (म्हणजे कार्तिकेयाची) मूर्ती बघता येते, १४० फूट आहे.

वैतागलेला_वारजेकर
गुडघे आहेतच. आणि आई शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही, हे लिहायचं राहिलं.

रश्मी_औंध
😐

मंजू_सहकारनगर
हे आधी सांगायचं ना! तिकडे "हलाल" पाटी म्हणजे व्हेज नव्हे. नुसती पालेभाजी मागितली तरी त्यात बलाचान असू शकतं, सुक्या कोळंबीची पेस्ट, सांबलमधे हमखास. नासी लमाकवर (नारळाच्या दुधातला भात) बारीक मासे असतात. वेटरला नुसतं "नो मीट" सांगून भागत नाही, "नो फिश, नो प्रॉन, नो एग" असं एकेक म्हणा. चिनी बौद्ध शाकाहारी जेवण दिसलं तर खुशाल घ्या, त्यात सहसा कांदा लसूण पण नसतो, फक्त अंड्याचं विचारून घ्या. बरोबर ठेपले, मेतकूट, इन्स्टंट उपमा. किटली न्याल तर तिकडचा प्लग चौकोनी तीन पिनांचा असतो, अ‍ॅडॅप्टर इथूनच घ्या.

टिल्लू_डेक्कन
मी पण डिसेंबरला जातोय, आमचं जैन जेवण आहे. बटाटा न घालता मिळेल का?

सह्याद्री_एक्स्प्रेस
बाबांना किती पैसे देणार खेळायला? माझं ऐक, १०० रिंगिट हातात दे आणि कार्ड खोलीत ठेवायला सांग. आपले साधारण दोन हजार होतात. संपले की गोळे बघायला या.

वैतागलेला_वारजेकर
एजंटला हो म्हणून कळवलं. एक रात्र, वर गाडीनेच, बाटू केव्हज जाताना खालून. काचेच्या डब्याचे पैसे त्याने आधीच लावले होते, ते काढायला लावले, पंधरा मिनिटं त्यातच गेली. आईला सांगितलंय की बाबा आणि मी रात्री "मॉल बघायला" जाऊ. तिने विचारलं, मॉल बघायला बूट कशाला.

मंजू_सहकारनगर
त्यांना कळलंय.

आजोबा_प्रभातरोड
रेसकोर्सचं अर्धवट राहिलं होतं. तर १९७४ साली...