खुबा बदलल्यानंतरचे व्यायाम व्हिडिओ कॉलवर: चालतं की नाही?

वाटसरू
खुब्याचा सांधा बदलल्यावर बहुतेकांनी फिजिओच्या केंद्रात खेपा घालायची गरज नाही, असं माझं मत. सुरुवातीचे व्यायाम बघा: पाऊल वर-खाली, मांडी आवळून ५ सेकंद धरणं, पडल्यापडल्या टाच सरकवणं, आधार धरून पाय बाजूला नेणं. प्रत्येकी १० वेळा, दिवसातून तीनदा. यंत्र कुठलंच लागत नाही. उलट गाडीच्या खोलगट सीटमध्ये बसणं-उठणं हेच त्या दिवसांत जास्त जोखमीचं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीतही दूरस्थ गट, म्हणजे घरून कॉलवर व्यायाम करणारे, नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी पडला नव्हता.

अस्थिपंजर
असहमत. व्यायाम सोपे आहेत, ते तपासणं सोपं नाही. पाय बाजूला नेतानाच बघा. ग्लुटियस मीडियस, म्हणजे कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू, कमजोर असला की माणूस धड दुसऱ्या बाजूला झुकवतो, कंबर उचलतो, पाऊल बाहेर वळवतो. पाय बाजूला गेलेला दिसतो, पण काम मांडीच्या पुढच्या स्नायूंनी केलेलं असतं. असं महिनाभर चाललं तर लंगडणं तसंच राहतं. समोरचा फिजिओ कमरेच्या हाडावर हात ठेवून लगेच सांगतो. टेबलावर तिरक्या ठेवलेल्या मोबाइलमधून काय दिसणार, छत?

वाटसरू
मग मोबाइल तिरका ठेवू नये! कमरेच्या उंचीवर, अडीच-तीन मीटर लांब ठेवायचा. अंगाला घट्ट बसणारे कपडे, कमरेच्या दोन्ही हाडांवर रंगीत चिकटपट्टी. समोरून बघितलं की पट्ट्या तिरक्या झालेल्या लगेच दिसतात. खुर्चीतून उठणं मात्र बाजूने बघायचं, कारण धड किती पुढे वाकतंय ते समोरून कळत नाही.

सावकाश
पट्ट्या ठीक, पण पोटरी कोण दाबून बघणार? रक्ताची गुठळी घरी आल्यावरही होऊ शकते.

वाटसरू
शिंप्याची टेप. गुडघ्याखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा, रोज त्याच वेळी. ३ सेंमीपेक्षा जास्त फरक दिसला तर त्याच दिवशी डॉप्लर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी.

सावकाश
ऑपरेशन झालेला पाय तसाही सुजतो, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. फरक वाढत गेला, किंवा पोटरी दुखायला लागली, तर तो आकडा बोलतो. आणि टेप नॉर्मल आहे म्हणून गुठळी नाही असं कुणी समजू नये. छातीत दुखलं, दम लागला, तर कॉलची वाट बघायचीच नाही, थेट इमर्जन्सी.

निर्गुण
तुम्ही सगळे मूळ प्रश्न सोडून बोलताय. ऑपरेशन कोणत्या बाजूने झालंय? मागून असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं, पाऊल आत वळवणं टाळायला सांगतात. पुढून असेल तर पाय मागे नेऊन बाहेर वळवणं टाळायचं. बाजूने असेल तर ग्लुटियस मीडियसचा काही भाग सोडवून पुन्हा शिवलेला असतो. तिथे रबरी पट्टा लावून पाय बाजूला ताणायला सांगितलं, तर टाकेच उसवायचे. तो पट्टा कधी सुरू करायचा ते सर्जनच ठरवणार. सरसकट एकच तक्ता पाठवणारी अ‍ॅप्स मला म्हणून पटत नाहीत. डिस्चार्ज कार्डावरची ही ओळ वाचल्याशिवाय पहिला कॉलच करू नये.

अस्थिपंजर
निर्गुण +१. अजून एक घोळ: सुरुवातीला ऑपरेशनचा पाय लांब वाटतो. पुष्कळदा हाडाची लांबी सारखीच असते, आखडलेल्या स्नायूंमुळे कंबर तिरकी असते. कॉलवर तक्रार ऐकून कुणी दुसऱ्या बुटात टाच घालायला सांगितली, की तो तिरकेपणा तसाच राहतो. आडवं झोपवून, हाताने तपासूनच ठरवायची गोष्ट आहे ही.

वाटसरू
हे मान्य. म्हणून पहिली भेट घरी, प्रत्यक्ष. तीत वॉकरची मूठ मनगटाच्या घडीला लावायची, खुर्ची गुडघ्यापेक्षा उंच करायची, काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात द्यायची, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा, हे करवून घ्यायचं. पुढचं कॉलवर.

अस्थिपंजर
आणि काठी सोडायच्या आधी दुसरी भेट, तीही प्रत्यक्ष. ऑपरेशनच्या पायावर एकट्याने उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली जात असेल, तर काठी सुटणार नाही. ही चाचणी घेताना पडणाऱ्याला धरायला कुणीतरी शेजारी लागतं. तुमची चिकटपट्टी धरणार आहे का त्याला?

वाटसरू
ओट्याला दोन्ही हात टेकवून घेता येते की. मागे घरातलं माणूस.

अस्थिपंजर
हात टेकले की कंबर हातांवर तोलली जाते. मग चाचणी कसली घेतलीत?