मदत हवी आहे: रामशेजच्या वेढ्याच्या चित्रात क्षितिजरेषा कुठे धरावी?

6 बाय 4 फुटांच्या आडव्या कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याला मोगलांनी घातलेला वेढा (1682 पासूनचा) रंगवायचा आहे. बाजू पायथ्याच्या आशेवाडी गावाची, समोर मोगलांचा लाकडी दमदमा (गडावर तोफा डागायला उभारलेला उंच मनोरा). A3 वर तीन कच्ची रेखाटनं झाली, अडचण एकच आहे.

क्षितिज खाली, उंचीच्या चौथाईवर धरलं की कातळ अंगावर येतो, गड अजिंक्य वाटतो. पण छावणी पुढच्या तंबूंआड दडते आणि वेढा दिसतच नाही. क्षितिज वर नेलं की मोर्चे, खंदक नकाशासारखे उलगडतात. फ्रेंच चित्रकार जाक कालोने नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहराच्या वेढ्यात (सहा पत्र्यांवरचं कोरीवकाम, 1628) हेच केलंय. तिथे शहर इवलंसं आणि सगळी सत्ता वेढा घालणाऱ्याची. मला तर वजन गडाकडे हवंय!

तिसऱ्यात अकबरनाम्यातल्या, अकबराच्या दरबारी चित्रकार मिस्कीनच्या रणथंभोर वेढ्याच्या चित्राचा आधार घेतला. बैल तोफा चढावर ओढतायत, डोंगर कागदावर उभा दुमडलेला, एकच दृष्टिबिंदू नाही. गड आणि सैन्य दोन्ही दिसतात. पण माझ्या कातळावर उजव्या बाजूची ऊन-सावली टाकली की ती दुमड खोटी दिसते, आणि दमदमा हवेत तरंगतो.

सावली सोडायची नाही, सह्याद्रीचा कातळ तिच्याशिवाय सपाट पडतो. कॅनव्हासचं मापही बदलता येणार नाही.

दोन दृष्टिबिंदूंमधला सांधा धूर किंवा झाडीने झाकावा, की सावलीची दिशाच पट्ट्यापट्ट्याने बदलावी? आणि दमदम्याचा पाया कुठल्या दृष्टिबिंदूतून काढावा, खालच्या की वरच्या?