मदत हवी आहे: एअर कूल्ड चिलर ठेवू की वॉटर कूल्ड घेऊ?

नमस्कार मंडळी. जळगावात ठिबकच्या नळ्या काढायचा छोटा कारखाना आहे. गरम नळी थिजवायचं पाणी गार करायला २० टनांचा (हे वजन नाही, गार करायची क्षमता) एअर कूल्ड, म्हणजे आपली उष्णता हवेत सोडणारा, चिलर छतावर बसवलाय. हिवाळ्यात चांगला चालतो, पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप होतो, म्हणजे आतल्या गॅसचा दाब वाढून बंद पडतो. टाकीतलं पाणी १५ वरून २४ वर जातं, नळी नीट थिजत नाही, हातात घेतली तर चपटी लागते. तेवढा माल भंगारात. सध्या कंडेन्सरवर (चिलरची उष्णता बाहेर टाकणारा भाग) गोणपाट बांधून पाणी मारतोय, पण त्या खाऱ्या पाण्याने फिन्सवर (त्याच्या पातळ पत्र्यांवर) पांढरा थर धरलाय, ते बघून जीव तुटतो.

वॉटर कूल्डचा कंडेन्सर पाण्याने गार होतो, आणि ते पाणी कूलिंग टॉवरमध्ये थोडं वाफ होऊन परत गार होतं. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे टॉवरचं पाणी हवेपेक्षा बरंच थंड मिळतं, वीजही कमी लागते, हे पटतं. अडचण पाण्याची. टनामागे तासाला ६-७ लिटर वाफ होऊन जातं, म्हणजे चोवीस तासांत तीन हजार लिटर, ब्लोडाउन (क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी) वेगळं. बोअर एप्रिलातच आटते, मग टँकर. पाणी जड म्हणजे क्षारांचं, ते मऊ करायला सॉफ्टनर लागणारच.

खान्देशात कुणी वॉटर कूल्ड चालवत असेल तर सांगा: कंडेन्सरच्या नळ्या वर्षातून किती वेळा साफ कराव्या लागतात? टँकर धरूनही परवडतं का? की एअर कूल्डच मोठ्या कंडेन्सरचा, ५० अंशांना चालेल असा मागवू? मार्चच्या आत ठरवायचंय.