घरी केलेल्या हत्यारांवर रोड बाईक जोडणी: काय घरी करावं, काय करू नये?

प्रश्न – घाटपेडल

नमस्कार मंडळी. सुटे भाग घेऊन रोड बाईक जोडायची आहे. फ्रेम स्टीलची, पावडर कोटिंग केलेली. हेड ट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी) १५ सेंमी लांब, आतून ३४ मिमी, म्हणजे कप बाहेर दिसणारा हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो तो भाग) ६८ मिमी, इंग्लिश आट्यांचा. मागच्या चाकाच्या जागेची रुंदी १३० मिमी. चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) कार्बनचा, पण त्याची वरची नळी अ‍ॅल्युमिनियमची, सव्वा इंचापेक्षा किंचित कमी, १ १/८. ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) शिमानो १०५, ११ स्पीड, रिम ब्रेकचा. चाकं तयारच घेणार आहे.

हेडसेट प्रेस (कप दाबून बसवणारं), क्राउन रेस (चिमट्यावर बसणारं बेअरिंगचं कडं) बसवायचं हत्यार, हँगर गेज (मागचा गिअर अडकतो तो तुकडा सरळ आहे का ते बघणारं), टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) हे सगळं विकत घेतलं तर खर्च हाताबाहेर जातो, आणि यातलं बरंचसं एकदाच लागणार. यातलं घरी काय करता येईल? नुसतं 'होतं' असं नको, मापं सांगा.

लेथवाला

साधा नियम धरा. दाबणारी, ओढणारी आणि मोजणारी हत्यारं घरी होतात. धातू कापणारी, म्हणजे रीमर (भोक मापात आणणारा), फेसिंग कटर (कड सपाट करणारा), आटे पाडायचा टॅप, ही घरी होत नाहीत. त्यासाठी फ्रेम योग्य दुकानात न्या.

हेडसेट प्रेससाठी एम-१२ चा आटेवाला रॉड घ्या, तुमच्या हेड ट्यूबला ३० सेंमी पुरे. चार नट, ५ मिमी जाडीच्या ५० मिमी व्यासाच्या दोन पट्ट्या किंवा जाड वायसर, आणि बेअरिंगच्या दुकानातून ५११०१ नंबरचं एक थ्रस्ट बेअरिंग. ते आतून बरोबर १२ मिमी असतं. नट आणि वायसरच्या मध्ये ते बसवा. ते नसेल तर नट फिरताना वायसरही फिरतो, वायसर कपाला सोबत ओढतो आणि कप तिरका धरतो. कप वाकडा जाण्याचं मुख्य कारण हेच. खालच्या टोकाला दोन नट एकमेकांवर आवळून कायमचे अडकवा, फिरवायचं फक्त वरून.

कपातलं बेअरिंग आधी काढून ठेवा. दाब फक्त कपाच्या बाहेरच्या काठावर यायला हवा. बेअरिंगच्या आतल्या कड्यावर दाब आला तर छर्‍यांचे पोचे रेसमध्ये उमटतात आणि हँडल नवं असतानाच खाचेत अडकल्यासारखं फिरतं. लेथवर नायलॉनचे दोन गोल ठोकळे काढून घेतले तर उत्तमच. नाहीतर सागवानाचे सपाट तुकडे, मध्ये १३ मिमीचं भोक, हेही चालतात.

एका वेळी एकच कप. दुसर्‍या टोकाला हेड ट्यूबच्या काठावर थेट लाकूड येऊ द्या. एम-१२ चा पिच (एका फेरीत पुढे सरकणारं अंतर) १.७५ मिमी, आणि कपाचा आत जाणारा भाग साधारण १० मिमी, म्हणजे सहा फेर्‍यांचं काम. पहिल्या फेरीनंतर थांबा आणि कपाची कड व ट्यूबची कड यांतली फट चारही बाजूंनी व्हर्नियरने मोजा. अर्ध्या मिमीहून जास्त फरक असेल तर कप काढून पुन्हा सुरुवात करा. तिरका गेलेला कप जोर लावून सरळ होत नाही, तो भोक अंडाकृती करतो.

आणि पावडर कोटिंगचं बघा. हेड ट्यूबच्या आत रंग असेल तर तो आधी काढायलाच हवा. आतला व्यास ३३.९ मिमीच्या आसपास आणि कप त्याहून एक-दोन दशांश मोठा, असं हे बसणं असतं. रंगाचा थर त्यात मावत नाही. रंग केमिकलने आणि बारीक एमरी पेपरने निघतो. पण धातूच जास्त असेल तर कानस लावू नका, तिथे रीमरच हवा.

चिमटा२८

वरचं सगळं बरोबर. फक्त क्राउन रेसबद्दल पुढे सांगतो, कारण तिथे घरचा प्रेस उपयोगी नाही, अखंड रेस ठोकावीच लागते.

आधी रेस बघा. तिच्यावर एक आडवी चीर असेल तर ती हातानेच बसते, हत्यार नकोच. अखंड असेल तर आतून २९ ते ३० मिमीचा पातळ भिंतीचा पाईप शोधा. चिमट्याची नळी २८.६ मिमी असल्यामुळे पाईप त्यावर सहज सरकतो आणि रेसच्या आतल्या कडेवर टेकतो. दुकानात पाईपची मापं नावाने मागू नका, कारण एक इंची पाईप आतून किती हे भिंतीच्या जाडीवर ठरतं. व्हर्नियर सोबत न्या. पाईपचं टोक काटकोनात कापलेलं हवं, नाहीतर रेस एका बाजूने आधी खाली जाते. चिमट्याची टोकं जमिनीवर टेकवून कधीही ठोकू नका, कार्बनचे पाय त्या माराला केलेले नसतात. चिमट्याच्या मधल्या भागाखाली रबराची जाड घडी ठेवून तिथे आधार द्या. शेवटी ठोक्याचा आवाज बोथट न राहता टणक झाला, की रेस तळाला लागली.

नळी कापताना घाई नको. हेडसेट, स्पेसर (मधली कडी), स्टेम (हँडल धरणारा तुकडा) सगळं चढवून खूण करा, आणि स्टेमवर निदान १० मिमीचा स्पेसर राहील एवढी लांबी ठेवा. बसण्याची पद्धत ठरल्यावर पुन्हा कापता येतं, जोडता येत नाही. वरच्या स्पेसरच्या कडेपासून ३ मिमी खाली कापायचं. करवत सरळ चालावी म्हणून दोन ज्युबिली क्लिप (पाईप आवळायच्या पट्ट्या) नळीवर आवळा, मध्ये ब्लेडपुरती फट. अ‍ॅल्युमिनियमला इंचाला २४ दात्यांचं ब्लेड, कडा कानशीने आतून-बाहेरून मोडा.

स्टार नट (हेडसेट आवळण्यासाठी नळीत बसणारा पाकळ्यांचा नट) १५ मिमी खोल. ६० ते ८० मिमी लांब एम-६ बोल्ट नटात फिरवून हातोडीने हळूहळू ठोकतात, पाकळ्या वरच्या बाजूला वळलेल्या. नुसत्या बोल्टने तो तिरका जातो, म्हणून नळीच्या आतल्या मापाचा लाकडी गोल ठोकळा करा, मध्ये ६ मिमीचं भोक, आणि त्यातून बोल्ट घाला. तुमची नळी अ‍ॅल्युमिनियमची आहे म्हणून हे चालेल. कार्बनच्या नळीत स्टार नट अजिबात ठोकायचा नाही, तिथे एक्सपांडर (आत फुगून धरणारा प्लग).

घाटपेडल

खूप आभार. बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांतही रंग गेलेला दिसतोय. टॅपशिवाय काही करता येईल का? आणि टॉर्क पाना नसेल तर अंदाजाने आवळायचं का?

कानसवाली

रंग काढायला टॅप लागत नाही. जुन्या इंग्लिश आट्यांचे दोन स्टीलचे कप मिळवा, सायकलवाल्याच्या भंगारात हमखास असतात. आट्यांवर करवतीने तीन-चार उभ्या चिरा पाडा. या चिरांच्या कडा रंग खरवडतात आणि चिरांत तो साठतो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, भरपूर तेल. दोन कप हवेतच, कारण चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, तो कप घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतो. नवा कप निदान तीन-चार फेरे बोटांनी जायला हवा. गेला नाही आणि रंग संपलेला आहे, तर आटेच खराब आहेत. मग लेथवाला म्हणतात तसं दुकान गाठा. जोर लावलात तर कप नव्हे, फ्रेम जाते.

पाना खरेदीत एक चूक होते. १०५ च्या बॉटम ब्रॅकेटच्या नव्या कपांचा व्यास शिमानोच्याच जुन्या हॉलोटेक कपांपेक्षा लहान आहे, जुन्या ४४ मिमीच्या मापाचा पाना त्यावर निसटतो. हा पाना मात्र विकतच घ्या.

टॉर्कला सामान तोलायचा हुकाचा काटा वापरा. किलो = न्यूटन-मीटर भागिले (मीटरमधलं अंतर × ९.८१). बॉटम ब्रॅकेटचे कप ३५ ते ५० न्यूटन-मीटर, ४० धरले तर २५ सेंमीवर १६.३ किलो. कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) लॉकरिंगलाही तेवढेच. डाव्या क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) दोन्ही बोल्ट १२ ते १४, म्हणजे १५ सेंमीवर ८.८ किलो, आळीपाळीने. स्टेमचे बोल्ट ५, म्हणजे १० सेंमीवर ५.१ किलो. अंतर बोल्टच्या मध्यापासून हुकापर्यंत मोजा आणि काटा पान्याला काटकोनात ओढा. ६० अंशांत ओढलात तर बोल्टला १३ टक्के कमी मिळतात, आणि काटा ते दाखवत नाही. क्रँकची प्लास्टिकची टोपी मात्र फक्त ०.७ ते १.५, ती बोटांनीच.

लेथवाला

हँगर गेज राहिलं. ११ स्पीडला गिअर नीट न बसण्यामागे केबलपेक्षा वाकडा हँगर जास्त वेळा असतो, नव्या फ्रेमवरही.

हँगरचे आटे एम-१० × १, आणि क्विक रिलीज मागच्या हबच्या जुन्या आसाचे आटेही तेच. असा आस घ्या, त्यावर दोन नटांमध्ये २५ × ५ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची ३५ सेंमी पट्टी आवळा, टोकाला केबल टाय बांधा. साध्या काळ्या सायकलचा आस घेऊ नका. तो ३/८ इंची, २६ आट्यांचा असतो. फिरतो, पण सैल, म्हणून माप खोटं येतं आणि हँगरचे आटेही झिजतात.

रिमवर व्हॉल्व्हजवळचा एक बिंदू धरा. पट्टी फिरवाल तसं चाकही फिरवा, म्हणजे मोजणी नेहमी त्याच बिंदूवर होईल आणि रिमचा आउट (वाकडेपणा) त्यात मिसळणार नाही. वर, खाली, मागे, पुढे चार ठिकाणी टाय आणि रिममधलं अंतर बघा. ११ स्पीडला फरक २ मिमीच्या आत आणा. स्टीलचा हँगर पट्टीनेच हळूहळू वाकवता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा सुटा हँगर एकदा वाकवला की तो बदलायच्या यादीत टाका.

चिमटा२८

केबलचं एक. गिअरची आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) ब्रेकला लावू नका. तिच्यातल्या तारा सरळ लांब असतात, जोरात ब्रेक दाबला की आवरण फाटून त्या बाहेर येतात. कापलेलं टोक कानशीने सपाट करा, आणि आतली नळी दबली असेल तर सुईने उघडा.

सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमची आणि फ्रेम स्टीलची, तेव्हा ग्रीस भरपूर लावा. कोकणात किंवा मुंबईत वापरणार असाल तर पावसाळ्याआधी आणि नंतर ती बाहेर काढून पुन्हा ग्रीस लावा, नाहीतर दोन धातू एकमेकांना धरतात आणि मग ती करवतीनेच काढावी लागते.