मुलांचं सायकॉलॉजिकल असेसमेंट : तुमचे अनुभव लिहा

ओवाफूल
शाळेतून "मुलाचं असेसमेंट (मानसशास्त्रीय तपासणी) करून घ्या" असा निरोप आला की आधी घरात भांडण होतं आणि मग गूगल. माझ्या बहिणीकडे सध्या हेच चालूय आणि तिला वाचायला द्यावं असं मराठीत नीट काही सापडेना, म्हणून हा धागा. आत नेमकं काय करतात, मुलाला काय सांगून न्यायचं, रिपोर्ट आल्यावर पुढे काय, जे आठवेल ते लिहा. तक्रार असली तरी डॉक्टर-शाळांची नावं नकोत प्लीज.

पावट्याची उसळ
पुणे. मुलगा तेव्हा तिसरीत, तोंडी विचारलं की सगळं येतं आणि लिहायला बसवलं की पोटात दुखतं. डोळे आणि कान तपासून मगच या असं फोनवरच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी त्याला आत घेतलंच नाही, आम्हालाच तासभर बसवलं. गरोदरपणात काही त्रास होता का, जन्मल्यावर लगेच रडला का, मान कधी धरली, बोलायला कधी लागला, घरात अजून कुणाला शाळेत असा त्रास होता का. यावर नवरोबा हळूच म्हणाले की मला सातवीपर्यंत धड वाचता येत नव्हतं, पाठ करून वेळ मारून न्यायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हे पहिल्यांदा ऐकत होते! तर जन्माचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाची फाइल न्याच आणि वह्या न्या, पण आईने पुढे बसून लिहून घेतलेल्या नकोत, रोजच्या गिचमिड अक्षरातल्या. आमच्या मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ वह्याच बघितल्या.

टेस्ट दोन सकाळी मिळून झाली. दाराला काच होती म्हणून मला थोडं दिसलं. लाल-पांढरे ठोकळे, समोर कार्डावर नक्षी, तशीच ठोकळ्यांनी जुळवायची आणि मॅडमच्या हातात स्टॉपवॉच. पहिल्या नक्ष्या पटापट झाल्या, मग एक अडली, हा जीभ बाहेर काढून एकच ठोकळा फिरवतोय फिरवतोय, शेवटी सगळं मोडलं आणि परत पहिल्यापासून लावायला घेतलं. मॅडम ना हो म्हणाल्या ना नाही, फक्त काहीतरी लिहीत होत्या. रिपोर्टमध्ये ते वाक्य होतं, "अडल्यावर सोडून देत नाही, स्वतःहून पद्धत बदलून बघतो." मला आकड्यांपेक्षा त्या वाक्याने जास्त बरं वाटलं खरंतर. घरून निघताना मी "डॉक्टरकडे जायचंय" असं न म्हणता "एक ताई कोडी घालणार आहे, काही सोपी काही मुद्दाम अवघड, सगळी कुणालाच येत नाहीत" एवढंच सांगितलं होतं.

खडीसाखर
थोडक्यात लिहिते, मोबाईलवरून आहे. सकाळची वेळ मागून घ्या, पोटभर खाऊ घालून न्या, चष्मा असेल तर विसरू नका. सर्दी-ताप असेल तर सरळ तारीख बदला. आणि बाहेर आल्या आल्या "काय विचारलं, तू काय सांगितलंस" ही उलटतपासणी नको!!

टेबलापलीकडची
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणून थोडं आमच्या बाजूने. कृपा करून टेस्टची तयारी करून घेऊ नका. एक बाबा नेटवरून कसले कसले नमुना प्रश्न काढून मुलीला घोकवून घेऊन आले होते. त्याने आकडा फुगतो आणि मुलीला जी मदत मिळायची ती मिळत नाही, एवढंच होतं. तीच टेस्ट लगेच दुसरीकडे जाऊन परत करण्यातही अर्थ नाही, सरावाने मार्क वाढतात, म्हणून आम्ही साधारण वर्षभर थांबायला सांगतो.

आयक्यूचा, म्हणजे बुद्ध्यांकाचा, मध्य 100 धरलेला असतो आणि 90 ते 109 सरासरी. 97 आणि 103 मध्ये काहीही फरक नाही, भावंडांची तुलना तर नकोच. आपल्याकडे ज्या बुद्धिमत्ता चाचण्या वापरतात त्यातली बिने-कामत मूळची 1930 च्या दशकातली, कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली, मालिन यांची 1969 ची. दोन्ही जुन्या झाल्यात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर कुणी निदान करत असेल तर प्रश्न विचारा. एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) तर अशी एक टेस्टच नाही. घरी आणि शाळेत वेगवेगळे फॉर्म भरून घेतात, कारण लक्षणं दोन्हीकडे दिसायला हवीत आणि बारा वर्षांच्या आधीपासून असायला हवीत. फक्त आईच्या सांगण्यावरून दहा मिनिटांत "एडीएचडी आहे" म्हणणारे भेटले तर निघून या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का हे विचारायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही.

नागपूरचे आजोबा
नमस्कार. नातू अडीच वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता. त्याचा बाप पण उशिराच बोलला, असं म्हणत आम्ही सगळे गप्प. सूनबाईंनी हट्ट धरला म्हणून नेलं. आधी कानाची बेरा तपासणी, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात, त्यात मूल झोपलेलं लागतं. हा पठ्ठ्या औषध देऊनही डोळे टक्क उघडे ठेवून, शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून, दुपारपर्यंत जागं ठेवून नेला तेव्हा कुठे झोपला. कान उत्तम निघाले.

मग मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला जमिनीवर बसवून खेळवलं. बुडबुडे सोडले, नावाने हाक मारली, बोट दाखवतो का पाहिलं, लाकडी पाटावरच्या खाचांत दहा आकार बसवायला दिले. मला वाटलं खेळून झालं की परीक्षा सुरू होईल, पण तीच परीक्षा होती. आम्हाला व्हाइनलँडची प्रश्नावली विचारली, म्हणजे मूल रोजची कामं स्वतः किती करतं याची, तिची भारतीय आवृत्ती आपल्या नागपुरातलीच, वर उल्लेख आलेल्या डॉ. मालिन यांची. गंमत इथे झाली. हाताने जेवतो का? आमची ही म्हणाली, मी भरवते. पेल्याने पाणी पितो का? मी पाजते. चपला घालतो का? मी घालून देते. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आजी, त्याला येत नाही की तुम्ही करू देत नाही? दोन्हीचे मार्क वेगळे आहेत." निदान ऑटिझमचं झालं, सौम्य. थेरपी चालू आहे. आणि हिने भरवणं बंद केलं आहे, निदान माझ्यासमोर तरी.

बोरिवली स्लो
आमचं प्रकरण दहावीच्या सवलतीचं. महाराष्ट्रात एलडीच्या (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली अडचण) मुलांना बोर्डाच्या सवलती 1996 पासून आहेत, जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, एका भाषेऐवजी दुसरा विषय वगैरे, पण खाजगी रिपोर्ट बोर्डाला चालत नाही, ठरलेल्या सरकारी-पालिका हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. त्यामुळे परत पहिल्यापासून डोळे, कान, बालरोगतज्ज्ञ, आयक्यू, स्पेशल एज्युकेटर, प्रत्येकाची वेगळी तारीख आणि तारखांमध्ये महिने. म्हणून सांगते दहावीचं वर्ष उजाडायची वाट बघू नका, आठवी-नववीतच नंबर लावा. लहानपणी काढलेलं असेल तरी चौदाव्या वर्षी परत तपासणी असते. सासरी "शिक्का बसेल" हे पालुपद होतंच. शिक्का शाळेने केव्हाच मारला होता, आळशी म्हणून.

रंकाळ्यावरचा
सगळ्यांचं वाचलं. आमचं जरा वेगळं हाय म्हणून लिहितो. पोराचा आयक्यू आला 78. एलडी धरायला साधारण 85 च्या वर लागतो म्हणे आणि मतिमंद म्हणायला 70 च्या खाली. म्हणजे आमचं पोरगं मधल्या मधे लोंबकळतंय. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार हायत, त्यात "स्लो लर्नर" कुठंच न्हाई. सर्टिफिकेट न्हाई, सवलत न्हाई, आणि गणित तर त्याच वर्गातलं करायचंय. एका ठिकाणी तर रिपोर्ट हातात देऊन "नेक्स्ट" म्हणाले, पुढं काय करायचं ह्यावर एक ओळ न्हाई. दुसऱ्या मॅडमनी मात्र त्याच रिपोर्टवर अर्धा तास घेतला, म्हणाल्या आकडे उलटे म्हणताना अडकतोय, एका वेळी एकच सूचना द्या, फळ्यावरचं उतरवायला लावू नका, छापील द्या. हे आम्ही वर्गशिक्षकांना सांगितलं, त्यांनी ऐकलंही. पैसे भरताना आधीच विचारून घ्या की रिपोर्ट समजावून सांगायचं सेशन धरलंय का.

एडिसनवासी
न्यू जर्सी. इथे पब्लिक स्कूल फुकट करतं पण लेखी मागावं लागतं, टीचरशी बोलून "बघू" वर राहू नका. मी ईमेल केलं, वीस दिवसांच्या आत मीटिंग झाली, आपण सही केली की 90 दिवसांत सगळं पूर्ण करावं लागतं त्यांना. निर्णयाच्या मीटिंगच्या निदान दहा दिवस आधी रिपोर्ट मिळायला हवेत, ते मागून घ्या नाहीतर टेबलाभोवती सगळे जण बोलत राहतात आणि आपण पानं उलटत बसतो. आमच्याकडे घरी पूर्ण मराठी, म्हणून इंग्लिश कच्चं असेल म्हणून वर्षभर टाळाटाळ चालली होती. कायद्याप्रमाणे मूल ज्या भाषेत खरं काय येतं ते दाखवेल त्या भाषेत तपासायचं असतं, हे लिहिल्यावर सगळं हललं.

चिंगी@42
मोठ्या मुलांचं कुणी लिहिलं नाही अजून. लेक नववीत, शाळेत जायचंच बंद केलं. तिला अर्धवट वाक्यं पूर्ण करायला दिली, चित्रं काढायला लावली आणि खूप वेळ नुसत्या गप्पा. सुरुवातीलाच मॅडमनी तिच्यासमोर मला सांगितलं की जिवाला धोका असेल तर आईला सांगणार, बाकी तिला विचारल्याशिवाय नाही. मला तेव्हा लागलं जरा. पण त्यामुळेच ती बोलली.

ओवाफूल
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, बहिणीला लिंक दिलीये. तिचा एक प्रश्न, शाळेला अख्खा रिपोर्ट द्यायचा का?

टेबलापलीकडची
नाही. त्यात तुमच्या घरातलं बरंच काही असतं, कोण कुठे राहतं, कुणाचं पटत नाही इथपर्यंत. निदान आणि वर्गात काय करायचं एवढंच असलेलं एक पानी पत्र मागून घ्या, आम्ही देतो. पूर्ण रिपोर्ट घरी, झेरॉक्स काढून.

पावट्याची उसळ
आणि ते पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शाळेचा पोचशिक्का घ्या. पुढच्या वर्षी बाई बदलतात.